डिप्रेशनची रजा मागितली, एचआर म्हणते राजीनामा टाका

चाकणवाला: पार्ट्सच्या कंपनीत आहे, पगार 18,500. तीन महिने धड झोप नाही. परवा टॉर्क रेंच हातात धरून दहा मिनिटं नुसताच उभा होतो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून महिनाभर आराम लिहून दिलाय. एचआर मॅडम म्हणतात, ‘असली रजा नसते, राजीनामा टाका.’ काय करू?

जुना युनियनवाला: सही अजिबात करू नकोस, बाळा! पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात दिसते का? आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तर आजारपणाचा भत्ता मिळतो. सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. सर्टिफिकेट ईएसआय दवाखान्यातलंच घे, नुसत्या खाजगी चिठ्ठीवर अडवतात. भत्ता चालू असताना कामावरून काढायला ईएसआय कायद्यात बंदी होती, आताचा नियम ईएसआय कार्यालयात विचारून घे.

नाईटशिफ्ट: मॅडमशी तोंडी बोलणं बंद, सगळं मेलवर. आणि रात्री फारच जड झालं तर 14416 लाव. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी लावलाय.

चाकणवाला: स्लिप काढली. 139 रुपये कपात आहे, इतकी वर्षं बघितलीच नव्हती. उद्या दवाखान्यात जातो. घरी अजून काही बोललो नाहीये.