मदत हवी आहे : गणेश मंडळात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) केली तर कॉलेज धरतं का? (तातडीचं)

अडकित्ता
ओजेटीचा फॉर्म शनिवारी द्यायचाय. आमच्या गल्लीतल्या मंडळात करायचं ठरवलंय. अध्यक्षांशी बोलणं झालंय, ते म्हणाले "ये की, काम भरपूर हाय". पण कॉलेजला संस्थेचं संमतीपत्र पाहिजे आणि मार्गदर्शकाचं नाव, पद, सही, शिक्का. मंडळाकडे लेटरहेड नाही, पावतीपुस्तक आहे. विभागातले सर म्हणतात बघू, मॅडम म्हणतात चालणार नाही. कुणी केलंय का असं? धरतात की नाही एवढंच सांगा. "कंपनीत कर" हे कृपया नको, तिथे एक्सेल भरायला बसवतात आणि चहा आणायला लावतात.

पेठेतला बाजीराव
मित्रा, एकदम योग्य विचार. फक्त गल्लीतलं मंडळ सोड, मोठं धर. मानाचे पाच गणपती, झालंच तर मंडई किंवा भाऊ रंगारी. एकदा वासापूजन (मांडवाच्या पहिल्या वाशाची पूजा) झालं की रनिंग मंडपाच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या सलग मांडवाच्या, जाहिराती, देखावा, पोलिसांच्या बैठका, सगळं डोळ्यांसमोर घडतं. आमच्या पथकाचा सराव नदीपात्रात चालू होईल, ढोल वाजवायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

गणिती
प्रश्नात निम्मी माहिती नाही. कोणता अभ्यासक्रम? कोणतं विद्यापीठ? किती क्रेडिट? ओजेटी कधीपासून कधीपर्यंत? मंडळ नोंदणीकृत आहे का? हे कळल्याशिवाय "धरतात" किंवा "नाही धरत" सांगणं म्हणजे पोपट घेऊन बसणं.

अडकित्ता
एमकॉम भाग १. चार क्रेडिट. मंडळ खूप जुनं आहे, सगळ्यांना माहीत आहे. नोंदणीचं विचारलं नाही. आणि मी मित्र नाही, मुलगी आहे.

कट्टर कार्यकर्ता
आम्ही बांबू उचलले, रात्रभर मांडवात झोपलो, वर्गणीला दारं ठोठावली. कुणी वहीत तास लिहिले नाहीत. आता मांडवात पाय ठेवायलाही सर्टिफिकेट लागतं. मंडळात माणूस घडतो, त्याला मार्गदर्शकाची सही कशाला?

स्टायपेंड कुठाय
काका, माणूस घडतो तसा फुकट राबवलाही जातो. मी एका महोत्सवात "इंटर्न" होतो. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि खुर्च्या मोजणं, संपलं. शिकवायला कुणाला वेळच नव्हता. ताई, आधी कामाचं स्वरूप लिहून घे. "काम भरपूर हाय" याचा अर्थ काय होतो ते सप्टेंबरात कळेल.

कट्टर कार्यकर्ता
खुर्च्या मोजणं हेही काम आहे. कमी पडल्या की कळतं.

हिशेबनीस
मी एका मंडळाचा बरीच वर्षं खजिनदार होतो, म्हणून लिहितो. जुनं म्हणजे नोंदणीकृत नव्हे. शंभरी गाठलेली मंडळंही कधी कधी कागदावर नसतात. काही मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेली असतात, त्यांचा क्रमांक असतो, दरवर्षी हिशेब जातो. बाकीची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली त्या वर्षापुरती वर्गणीची परवानगी काढतात आणि उत्सवानंतर हिशेब देतात. तुमच्या पावतीपुस्तकावर वरच्या बाजूला बघा, क्रमांक छापलेला असेल तर काम झालं. नसेल तर खजिनदाराला विचारा. अध्यक्षांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं.

आणि मार्गदर्शक म्हणूनही खजिनदारालाच धरा. अध्यक्ष फोटोत असतो, उत्सवप्रमुख रस्त्यावर असतो. कागद, पैसा आणि माणसं या तिन्ही गोष्टी ज्याच्या हातून जातात तो खजिनदार. एमकॉमवालीला तोच शिकवू शकतो.

एनएसएसप्रेमी
तुमचे एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास असतीलच की, वर्षाला १२०. तेच ओजेटीला दाखवा. दोन्हीकडे १२०, जुळतंय.

गणिती
नाही जुळत. आकडा सारखा आहे म्हणून तास एक होत नाहीत. एनएसएसचे १२० सेवेचे असतात. ओजेटीत ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास म्हणून १२०, आणि ते मुख्य विषयाशी संबंधित लागतात. वाणिज्याच्या मुलीनं मंडळात वाणिज्याचं काम केलं पाहिजे, म्हणजे मॅडमचं तोंड बंद. सजावट केली तर नापास करतील आणि ते बरोबरच असेल. तारखांचं उत्तर अजून आलेलं नाही.

अडकित्ता
पावतीपुस्तकावर क्रमांक आहे!! आत्ता जाऊन बघितलं. तारखा : आता सुरू करून ३१ जुलैच्या आत वही जमा करायची.

गणिती
हे पहिल्या ओळीत हवं होतं. यंदा, २०२६ ला, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. उत्सव तुमच्या मुदतीत बसतच नाही.

पेठेतला बाजीराव
काही फरक पडत नाही, पुण्यात जूनपासूनच लगबग असते. कुठल्या पेठेतलं मंडळ?

अडकित्ता
पेठ कुठली? मी मिरजेत आहे. शिवाजी विद्यापीठ. पुणे कोण म्हणालं?

पेठेतला बाजीराव
गणपती म्हटल्यावर पुणेच की.

कृष्णाकाठ
आता कसं! मिरज म्हणजे स्वागत कमानी. पुण्याच्या रनिंग मंडपाचं कौतुक नका सांगू, विसर्जनाला आमच्या कमानी बघायला या एकदा. ताई, तुझं मंडळ कमान उभारतं का? उभारत असेल तर जुलैत तेच काम असतं. कमानीचा खर्च, जाहिरातदार, मांडववाल्याशी करार, महापालिकेची परवानगी.

मांडवशास्त्री
माझं ऐका, मंडळ सोडा आणि मंडप-डेकोरेशनवाल्याकडे जा. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक, लेटरहेड, शिक्का सगळं असतं, कॉलेज हसत हसत घेईल. लग्नं संपली की जून-जुलैत गणपतीचे कोटेशन सुरू होतात. चौरस फुटाचा भाव, भाडं आणि मजुरी वेगळी कशी लावायची, आगाऊ किती घ्यायचे, पावसात मांडव पडला तर जबाबदारी कुणाची, हे मंडळात कुणी शिकवत नाही. उत्सवाचं व्यवस्थापन प्रत्यक्षात तो करतो, मंडळ नारळ फोडतं.

कट्टर कार्यकर्ता
मंडळ नारळ फोडतं?? मांडववाल्याचे पैसे कोण गोळा करतं?

स्टायपेंड कुठाय
पैसे कोण *बुडवतं* तेही विचारा मांडववाल्याला.

हिशेबनीस
भांडा नंतर. ताई, जुलैअखेर ही अडचण नाही, उलट तुमच्या विषयाला बरंच आहे. उत्सवाच्या दिवसांत खजिनदार तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. आत्ता तो मोकळा आहे. मी असतो तर तुम्हाला हे दिलं असतं : गेल्या वर्षीच्या पावत्यांची फाइल काढून जमाखर्च पुन्हा लिहायचा. वर्गणी, जाहिरात, देणगी वेगळी करायची. कुठल्या खर्चाला बिल नाही ते शोधायचं (सापडतील, महाप्रसादाच्या खात्यात हमखास). त्यावरून यंदाचं अंदाजपत्रक, मांडव आणि मूर्तीची दोन-तीन कोटेशन मागवून तुलना, जाहिरातदारांना पत्रं, अहवालाचा मजकूर. मग परवान्यांची फाइल : महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन, महावितरणची तात्पुरती जोडणी. अर्ज पुढे तेच करतील, तुम्ही यादी आणि कागद तयार ठेवा. १२० तास कमी पडतील. फक्त गेल्या वर्षीचा हिशेब दाखवायला ते तयार आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारा. तिथे टाळाटाळ झाली तर मात्र मांडवशास्त्रींचं ऐका.

डेसिबल
मुख्य प्रश्न कुणीच विचारत नाही. त्या मंडळात डीजे असतो का? असेल तर अशा मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं का?

पेठेतला बाजीराव
म्हणून ढोल-ताशा! २०२४ मध्ये हरित लवादानं पथकात ३० जणांची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. न्यायालयालाही पटलं.

डेसिबल
स्थगिती दिली म्हणजे आवाज कमी झाला नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. मिरज तर दवाखान्यांचं गाव. तिथला रुग्ण काय करत असेल विसर्जनाला?

गणिती
२०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारनं घोषित केल्याशिवाय शांतता क्षेत्र होत नाही. दवाखाना आहे म्हणून आपोआप १०० मीटर धरता येत नाहीत.

डेसिबल
घोषित नसेल तर रुग्णाच्या कानाला कमी ऐकू येतं का?

कृष्णाकाठ
तुमच्या भांडणातनं एक कामाचं निघालं बघा. ताई, मिरवणुकीच्या मार्गावर दवाखाने कुठं कुठं आहेत, त्यातल्या कुठल्या भागाला शांतता क्षेत्र घोषित केलंय, रुग्णवाहिका कुठल्या बोळातनं बाहेर काढायची, याचा नकाशा कर. पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत चौकशी करून जुलैतच होतो. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मंडळालाही लागणारी गोष्ट हाय.

अडकित्ता
हे आवडलं. विसर्जनाच्या रात्री घरून सोडणार नव्हतेच, नकाशा दिवसा करता येईल. पण वाणिज्यात कसा बसवू?

हिशेबनीस
मुख्य काम हिशेब आणि अंदाजपत्रक, नकाशा परिशिष्टात. संमतीपत्रात तीन गोष्टी हव्यात, लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर टंकून मंडळाचा शिक्का : "आमचे मंडळ नोंदणी क्रमांक अमुक. सदर विद्यार्थिनीस वार्षिक जमाखर्च, अंदाजपत्रक व परवाना प्रक्रिया या कामांसाठी १२० तासांची ओजेटी करण्यास संमती आहे. मार्गदर्शक म्हणून खजिनदार श्री. अमुक काम पाहतील व आठवड्यातून एकदा कामाच्या वहीवर सही करतील." "आठवड्यातून एकदा" हे शब्द सोडू नका. नाहीतर शेवटच्या दिवशी सगळ्या सह्या एका पेनानं होतात आणि मॅडमच्या ते पहिल्यांदा लक्षात येतं.

स्टायपेंड कुठाय
आणि मानधनाची ओळ?

हिशेबनीस
मंडळाकडून मानधन निघणार नाही. प्रवासखर्च आणि झेरॉक्सचे पैसे मागा, ते लिहून घ्या.

अडकित्ता
खजिनदारांकडे जाऊन आले. आधी म्हणाले हिशेब पोरीबाळींना कशाला. मी म्हटलं बिल नसलेले खर्च शोधून देते. जरा थांबले आणि म्हणाले सोमवारपासून या, सही शिक्का आजच देतो. सरांनाही दाखवलं, चालेल म्हणाले. मॅडम रजेवर आहेत, त्या यायच्या आत फॉर्म देते. धन्यवाद सगळ्यांना. ढोल नको.

कट्टर कार्यकर्ता
बिल नसलेले खर्च शोधून फार काही मिळणार नाही. काही खर्चांना बिल नसतंच.

हिशेबनीस
म्हणूनच शोधायचे.

तंबोरा
धागा जरा उशिरा दिसला. ताई मिरजेच्या आहेत तर विचारतो : सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी (घोडीचा पृष्ठभाग घासून स्वर खुलवणं) सध्या कोण चांगली काढतं? ठाण्याहून आणायचाय, एका खेपेत काम व्हायला पाहिजे.