शब्दचर्चा : ध्वनिचित्रमुद्रणाची ‘प्रत’, ‘रूपांतर’ की ‘नक्कल’?

शंका : बडोद्यातील आमच्या वाचनालयात मराठी नाटकांच्या स्थानिक प्रयोगांच्या व्ही.एच.एस. कॅसेट आहेत आणि त्या डी.व्ही.डी.वर उतरवून घेण्याचे काम सध्या चालू आहे. नव्या तबकड्यांची तालिकेत (ग्रंथालयाच्या सूचीत) नोंद करताना कोणी ‘प्रत’ लिहितात, कोणी ‘डिजिटल रूपांतर’, तर कोणी ‘पुनर्मुद्रण’. यांपैकी कोणता शब्द ग्राह्य धरावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपण दिलेले तिन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत, परंतु ते तीन वेगळ्या गोष्टींचे वाचक आहेत आणि आपल्या तबकडीला त्यांपैकी एकही नीट लागू पडत नाही.

‘प्रत’ म्हणजे एकाच निर्मितीतला एक नग. एकाच कंपनीने काढलेल्या एकाच नाटकाच्या दोन डी.व्ही.डी. आपण विकत घेतल्या, तर त्या एकमेकींच्या प्रती होत. त्यांची तालिकेत नोंद एकच राहते आणि दाखल क्रमांक (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक नगाला मिळणारे क्रमांक) दोन पडतात. कॅसेटवरून उतरवलेली तबकडी तशी नसते. तिचे माध्यम वेगळे, निर्मितीचे वर्ष वेगळे आणि ती तयार करणाराही वेगळा असतो. ‘इफ्ला’ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९८ च्या अहवालात कृती, तिची अभिव्यक्ती, तिचे प्रत्यक्ष निघालेले रूप आणि हातातला नग अशा चार पायऱ्या मांडलेल्या आहेत. त्या पाहिल्या तर येथे पहिल्या दोन पायऱ्या कायम राहून तिसरी बदलते, हे ध्यानात येते.

‘रूपांतर’ हा शब्द तर नाटकाच्या बाबतीत कटाक्षाने टाळावा. मराठी रंगभूमीवर रूपांतर म्हणजे परभाषेतील नाटक आपल्या मातीत, आपल्या पात्रांसह नव्याने बेतणे, हा अर्थ शंभरांहून अधिक वर्षे पक्का आहे. तालिकेत नाटकाच्या नावापुढे ‘डिजिटल रूपांतर’ वाचून एखाद्या अभ्यासकाने मूळ संहितेत फेरफार झाला आहे असे समजले, तर दोष त्याचा नव्हे. ‘पुनर्मुद्रणा’ची अडचण निराळी आहे. पुस्तकाच्या संदर्भात तो शब्द निर्दोष आहे, पण ध्वनिचित्रमुद्रणाच्या संदर्भात तोच प्रयोग पुन्हा रंगमंचावर उभा करून कॅमेऱ्याने पुन्हा टिपला, असा त्याचा अर्थ सहज निघतो.

माझ्या मते येथे ‘नक्कल’ हाच शब्द योग्य आहे. नक्कल म्हटले की आज परीक्षेतली कॉपी किंवा हुबेहूब आवाज काढणारा कलावंत आठवतो, हे खरे; परंतु दप्तराच्या मराठीत या शब्दाला कसलाही कमीपणा नाही. जुन्या कागदांवर ‘असल बरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळाप्रमाणे नक्कल, असा शेरा आढळतो, सातबाऱ्याची नक्कल आपण आजही मागतो, आणि ऐतिहासिक पत्रे छापताना संपादक अस्सल कोणते व नक्कल कोणती हे आवर्जून सांगतात. ‘नक्कल’ हा शब्द आपल्यामागे एक ‘अस्सल’ आहे याची आठवण देतो. तालिकाकाराला नेमके हेच सांगायचे असते.

आता नोंदीचे वर्णन कशावर आधारावे, हा खरा प्रश्न. अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीतील (१९७८) नियम १.११ सांगतो की मुख्य वर्णन हातातल्या नकलेचे करावे आणि मूळ वस्तूचा तपशील टिपेत द्यावा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सूक्ष्मपटांसाठी (मायक्रोफिल्मसाठी) याच्या उलट प्रथा ठेवली, म्हणजे वर्णन मूळ ग्रंथाचे आणि टीप नकलेची. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या आराखड्यात या दोन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र क्षेत्रे आहेत. नकलेची टीप ५३३ मध्ये जाते, मूळ रूपाची ५३४ मध्ये. पुढे आर.डी.ए. हे तालिकीकरणाचे नवे नियम आले आणि ३१ मार्च २०१३ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते अंगीकारले. त्यातही हातातल्या वस्तूचेच वर्णन करून मुळाशी तिचे नाते जोडून दाखवणे अपेक्षित आहे. ध्वनिचित्रमुद्रणाला मला हीच पद्धत पटते, कारण वाचकाला घरी कोणते यंत्र लागेल हे हातातली वस्तू ठरवते.

समजा, १९९२ साली टिपलेला प्रयोग २००९ साली आपण तबकडीवर उतरवला. भौतिक वर्णनात ‘१ डी.व्ही.डी.-आर, १२ सें.मी.’ असे लिहावे. शेवटचे ‘आर’ (म्हणजे स्वतः नोंदवता येणारी तबकडी) गाळू नये. कारखान्यात ठशाने तयार झालेल्या डी.व्ही.डी.त माहिती प्लॅस्टिकमध्येच उमटलेली असते, तर घरगुती तबकडीत ती रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेसरने नोंदलेली असते आणि हा थर काळाने व उजेडाने खराब होतो. यानंतरची टीप अशी असावी : ‘नक्कल. अस्सल : व्ही.एच.एस. कॅसेट, अर्धा इंची फीत, १९९२, याच ग्रंथालयातील. नक्कल २००९ साली ग्रंथालयातच उतरवली. आरंभीचे चित्र अस्सल फितीतच खराब.’ शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण एरवी दोष फितीचा की नक्कल करताना आलेला, हे पुढे कोणालाही ओळखता येणार नाही.

पुरवणी शंका : आमची तालिका गुजरातीतही असते. गुजरातीत ‘नकल’ म्हणजे साधी प्रत. पुस्तकांवर छापील प्रतींची संख्याही त्याच शब्दाखाली दिलेली असते. मग एकाच कपाटात मराठी ‘नक्कल’ आणि गुजराती ‘नकल’ यांचा घोटाळा होणार नाही का?

उत्तर : ही शंका अगदी रास्त आहे आणि ती बडोद्यातच सुचू शकते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघाले. तेव्हापासून या शहरात ग्रंथालयाच्या शब्दाला एकाहून अधिक भाषांत उभे राहावे लागते. यावर उपाय म्हणजे ‘नक्कल’ हा शब्द शीर्षकापुढे सुटा न लिहिता नेहमी ‘अस्सल’च्या तपशिलासह टिपेतच लिहावा. गुजराती नोंदीत ‘नकल’ मोजदादीपुरता राहू द्यावा आणि टिपेत ‘अमुक कॅसेटवरून उतारेली’ असे सरळ वाक्य द्यावे. मराठीतही ‘कॅसेटवरून उतरवलेली’ हे क्रियापद आपण स्वतःच शंकेत वापरले आहे आणि ते निःसंदिग्ध आहे.

एक सूचना मात्र जोडतो. तबकडी तयार झाली म्हणून कॅसेटची नोंद बाद करू नये. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली आलेल्या तरतुदीनुसार बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते, पण त्या कृतीची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. आपल्या टिपेतील ‘याच ग्रंथालयातील’ हे शब्द त्या अटीचाच लेखी आधार आहेत. म्हणून त्यांच्यापुढे कॅसेटचा दाखल क्रमांकही लिहावा.