मदत हवी आहे: मॅकरोनीचा चीज सॉस दाणेदार होतोय आणि तेल सुटतंय

घाईघाईत
मॅकरोनी चीज करतेय घरी, गॅसवर, ओव्हन नाही. सॉस दर वेळी दाणेदार होतो. आधी मस्त गुळगुळीत दिसतो आणि चीज घातलं की थोड्या वेळात बारीक बारीक कण दिसायला लागतात, वर पिवळं तेल येतं. चवीला ठीक आहे पण ते कण जिभेला लागतात आणि लेक ताट सरकवतो. तापातून उठलाय, तोंडाला चव नाही, मऊ आणि गरम असं काहीतरी हवंय आणि हट्टाने हेच मागतोय. आज रात्री परत करायचंय. काय बदलू पटकन सांगा प्लीज.

चिमूटभर
चीज कुठलं? आच किती? दूध गार घालता की गरम? काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

घाईघाईत
सगळे करतात तसंच करते हो. लोणी, मैदा, दूध, चीज.

निळीसावली
मैदा कशाला पण? मी कित्येक वर्षं मैदा घरात आणलेला नाही. गव्हाच्या पिठाने पण सॉस छान दाट होतो, रंग जरा तपकिरी येतो एवढंच. पीठ लोण्यात नीट परतून घ्यायचं, कच्चा वास गेला पाहिजे.

चिमूटभर
निळीसावली, त्यांनी मैद्याला पर्याय विचारलेलाच नाही.

पातेलंवाला
दूध गार घालत असाल तर तिथेच घोळ आहे. दूध दुसऱ्या गॅसवर गरम करून थोडं थोडं ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. आमच्याकडे कायम असंच करतात, एक गुठळी होत नाही.

ओट्यापाशी
गरमच हवं असं काही नाही. मी फ्रीजमधलं दूध थेट घालते, फक्त पहिले दोन-तीन घोट अगदी थोडे आणि ते पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचं नाही. गुठळी होते ती सगळं दूध एकदम ओतल्यामुळे.

पातेलंवाला
तुमचं होत असेल, नवशिक्याचं नाही होणार. गरम दूधच सेफ.

ओट्यापाशी
उलट गरम दुधाने मैदा लगेच आळतो आणि नवशिक्याला ढवळायला वेळच मिळत नाही.

प्रयोगवही
अहो दोघंही, त्यांना मैद्याच्या गुठळ्या झालेल्याच नाहीत. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की चीज घालेपर्यंत सॉस गुळगुळीत असतो. म्हणजे जे काही बिघडतं ते चीज पडल्यावर. जास्त उष्णता लागली की चीजमधली प्रथिनं आकसून एकमेकांना चिकटतात, पाणी आणि तूप बाहेर ढकलतात. कण म्हणजे ती प्रथिनं आणि वरचं पिवळं म्हणजे चीजमधलीच चरबी. घाईघाईत, चीज घालता तेव्हा गॅस चालू असतो का? आणि चीज कोणतं ते अजून कळलेलं नाही.

घाईघाईत
गॅस चालूच असतो, उकळत असतानाच घालते म्हणजे पटकन वितळतं. चीज पाकिटातलं, आधीच किसलेलं, लो फॅट.

चिमूटभर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर बरं झालं असतं! किसलेल्या पाकिटातल्या चीजला कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च नाहीतर सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सॉस थोडा पिठूळ लागू शकतो. आणि लो फॅट चीज मुळातच नीट वितळत नाही. अख्खी वडी आणा, घरी किसा, शक्य तितकं बारीक.

प्रयोगवही
+१. आणि गॅस बंद. पातेलं खाली उतरवा, उकळी पूर्ण बसू द्या, मिनिटभर थांबा, मग चीज मूठ मूठ घाला आणि एक मूठ विरघळली की दुसरी. सॉसची उष्णता पुरते त्याला. ५०० मिली दुधाला ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा आणि १५० ते २०० ग्रॅम चीज, २५० ग्रॅम कोरड्या मॅकरोनीला पुरतं. फार मुरलेलं जुनं चीज एकट्याने वापरू नका, ते लवकर फुटतं. निम्मं कोवळं घ्या.

आर्या७
या सगळ्या कटकटीपेक्षा प्रोसेस्ड चीज वापरा ना! त्यात इमल्सिफायर म्हणून, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला, क्षार घातलेले असतात म्हणून ते फुटत नाही. मी तर सोडियम सायट्रेटच आणून ठेवलंय, पाकिटावर ई३३१ लिहितात. दूध गरम करायचं, त्यात ते थोडं टाकायचं, मग कुठलंही चीज घाला, मैदाही लागत नाही, आरशासारखा गुळगुळीत सॉस. माझ्याकडे आता सगळं यावरच.

निळीसावली
आजारातून उठलेल्या मुलाला केमिकल?

आर्या७
सायट्रिक आम्लाचा क्षार आहे तो, प्रोसेस्ड चीजच्या कित्येक पाकिटांत आधीपासून असतोच. चीजमधलं कॅल्शियम धरून ठेवतो म्हणून प्रथिनं सुटी राहतात. घाबरण्यासारखं त्यात काय आहे?

ओट्यापाशी
पण त्यांना आज रात्री करायचंय, ते आणायला कुठे जातील आत्ता? घरात आहे त्यात सांगा.

लाटणं_हातात
माझ्याकडून बटाट्याचं सांगते, मऊ आणि गरम हवंय म्हणून. बटाटे उकडून गरम असतानाच हाताने किंवा चाळणीतून दाबून घ्या, आधी लोणी आणि मग गरम दूध. मिक्सरमध्ये मुळीच फिरवू नका, पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि गोळा चिकट रबरासारखा होतो, मग काही केल्या सुधारत नाही.

चिमूटभर
बटाटा कुठून आला मध्येच :) पण मिक्सरचं खरंय.

घाईघाईत
अख्ख्या वडीचं चीज किसून, गॅस बंद करून केलं. कण नाहीत!! अर्धी वाटी खाल्ली त्याने, किती दिवसांनी. पण बाबांसाठी ठेवलेलं रात्री परत गरम केलं तर तेल सुटलं. आणि त्यात टोमॅटो प्युरी घालते ना मी शेवटी, त्याला गुलाबी आवडतं, त्याचं काही असेल का?

प्रयोगवही
टोमॅटो!! आता सांगताय. टोमॅटो आंबट असतो, गरम दुधात एकदम पडला तर दूध फाटू शकतं. मैद्याने दाट झालेल्या सॉसमध्ये धोका कमी होतो, पण प्युरी आधी वेगळी आटवून कोमट झाल्यावर थोडी थोडी मिसळा. आणि आज प्युरी घातली होती का ते सांगा, नाहीतर तेल कशाने सुटलं ते कळणार नाही.

पातेलंवाला
परत गरम करताना दोन-तीन चमचे दूध घाला आणि अगदी मंद आचेवर ढवळत राहा, उकळू देऊ नका. मॅकरोनी गार होताना सॉस पिऊन टाकते म्हणून दूध लागतंच. आणि पहिल्यांदा दूध घालताना गरमच घाला, मी अजून म्हणतोय.

ओट्यापाशी
:) गारच.

घाईघाईत
हो, आज पण घातली होती प्युरी. उद्या आटवून घालते. आणि बाबांचं वेगळं काढून ठेवते, सॉस वेगळा, मॅकरोनी वेगळी. लाटणं_हातात, बटाट्यात दूध किती घालायचं? ते पण मागतोय आता.