पोकेमॉन कार्डांचे मिस्ट्री पॅक घेताना फसवणूक कशी टाळावी?

प्रश्न:
माझा ११ वर्षांचा मुलगा पोकेमॉनची कार्डे जमवतो. गेल्या महिन्यात वाढदिवसाच्या पैशांतून त्याने समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याकडून दीड हजार रुपयांचे मिस्ट्री पॅक, म्हणजे आत कोणती कार्डे आहेत हे आधी न कळणारा संच, मागवले. जाहिरातीत ‘एक दुर्मिळ कार्ड हमखास’ असे लिहून शेजारी चारिझार्ड या लोकप्रिय पोकेमॉनचे चित्र दिले होते. आत तीन पाकिटे निघाली. त्यांतल्या एकाच्या कडेला वाळलेल्या डिंकाचा ओघळ होता आणि दुर्मिळ म्हणून आलेले कार्ड सोनेरी प्लास्टिकचे होते. त्याला आता आणखी एक पॅक हवे आहे. घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

प्रतिसाद १:
ताई, कारखान्यात बंद झालेल्या मूळ बूस्टर पाकिटात (कंपनीच्या मोजक्या कार्डांच्या छोट्या पाकिटात) कोणते कार्ड आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. मिस्ट्री पॅक मात्र विक्रेता स्वतः भरतो, त्यामुळे आत काय आहे हे त्याला ठाऊक असते आणि तुम्हाला नसते. चित्रातले चारिझार्ड शंभर पॅकांमागे एकात आहे की कशातच नाही, हे पडताळण्याचा मार्ग ग्राहकाच्या हाती नाही. एकूण किती पॅक भरले आणि मौल्यवान कार्डे कितींमध्ये घातली, हे विक्रेत्याला लेखी विचारा. तो उत्तर टाळत असेल, तर पैसे देऊ नका. ‘जुने पाकीट’ म्हणून काही देत असेल, तर अधिकच जपावे. १९९९ पासून इंग्रजीत आलेल्या सुरुवातीच्या संचांत चमकदार कार्ड असलेले पाकीट किंचित जड भरते, म्हणून जड पाकिटे काट्यावर निवडून बाजूला ठेवली जातात आणि हलकी मिस्ट्री पॅकमध्ये घातली जातात.

प्रतिसाद २:
सोनेरी कार्डाविषयी खात्रीने सांगतो, ते बनावट आहे. २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त एका महागड्या संचात पिकाचू आणि चारिझार्ड यांची सोनेरी कार्डे अधिकृतपणे आली होती, पण ती धातूची होती. खऱ्या पाकिटाची कड उष्णतेने दाबून बंद केलेली असते, तिथे डिंक दिसण्याचे कारणच नाही. कागदी कार्डाच्या मधोमध गडद थर असतो, त्यामुळे मागे विजेरी धरल्यास बनावट कार्डातून बहुधा जास्त उजेड येतो. शेजारी एखादे खात्रीचे कार्ड धरून ताडून पाहावे. प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेले, पीएसएने (कार्डे तपासून त्यांना दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने) श्रेणी दिलेले कार्ड मिळाले, तर त्यावरील क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर तपासा, मात्र खऱ्या कार्डाचा क्रमांक बनावट पेटीवर छापता येतो, हे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद ३:
पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या कार्डापर्यंत सलग चित्रीकरण करावे. तक्रारीत तोच पुरावा उपयोगी पडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. मोठ्या रकमेनेही खात्री मिळत नाही. अमेरिकेत यूट्यूबर लोगन पॉल यांनी ३५ लाख डॉलरांना घेतलेले पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या आवृत्तीचे सीलबंद खोके २०२२ मध्ये उघडले, तेव्हा आत जी. आय. जो या दुसऱ्याच खेळण्यांच्या मालिकेची कार्डे निघाली.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दिवे मालवून आम्ही त्या तीन पाकिटांतली कार्डे विजेरीवर धरली. भावाने सिंगापूरच्या दुकानातून आणलेल्या कार्डापुढे दोन पाकिटांतली कार्डे सारखीच दिसली, डिंकाच्या पाकिटातल्या सगळ्या कार्डांतून मात्र बोटांची सावलीसुद्धा दिसत होती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने उरलेल्या पैशांत गेंगार या पोकेमॉनचे एकच सुटे कार्ड, दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवून, घ्यायचे ठरवले आहे.