कढीपत्ता कोणी तोडला?

सेक्रेटरी (ए-५०१): गेटजवळच्या कढीपत्त्याच्या दोन फांद्या काल कोणीतरी तोडल्या. सीसीटीव्हीत नुसती छत्री दिसतेय. ज्यांनी नेल्या त्यांनी सांगावं, झाड सगळ्यांचं आहे.

ओवीची आई (बी-३०२): काका, छत्री माझी. सॉरी 🙏 ओवीच्या वर्गात, दुसरीत, अळ्या पाळल्यात. त्यांना पाला हवा होता.

सी-१०४: अळ्या?? वर्गात??

ओवीची आई: हो, लाइम बटरफ्लायच्या. आधी बाईंनी बाजारातला कढीपत्ता घातला, तर सहातल्या चार एका दिवसात गेल्या. फवारलेला असणार.

सी-१०४: आपल्या वेळी फळ्यावर अंडं, अळी, कोष, फुलपाखरू काढायचे. मधे बाण दिले की दोन मार्क. काय बिघडलं आपलं?

आजी (ए-२०३): बिघडलं काही नाही हो. पालिकेच्या शाळेत पहिली दहा वर्षं मीही बाणच काढले. मुलांना वाटायचं, अळी म्हणजे हिरवीच. ही अळी लहान असताना थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मधे पांढरा पट्टा. पक्षी फसतो, सोडून देतो. मोठी झाली की मग हिरवी. हे मी तोंडाने सांगितलं तर कोण ऐकतंय! पण एकदा एक पोरगा ओरडला, "बाई, शीट चालतेय!" आख्खा वर्ग डब्याभोवती.

ओवीची आई: 😂 ओवीने पेन्सिलीने टोचलं (बाई ओरडल्या), तर अळीने डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास! संध्याकाळभर नाक दाबून आम्हाला दाखवत होती.

बी-४०४: म्हणजे हेच का ते आपलं राज्य फुलपाखरू?

आजी: नाही, ते नीलवंत, ब्लू मॉरमॉन. २०१५ साली जाहीर झालं. पण त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच.

डी-६०१: आमच्याकडे एक कासव आहे, गालावर लाल पट्टा असलेलं. घेतलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता टाकीत मावत नाही. शाळेला देऊ का? फुकट.

डॉक्टर (सी-७०२): नको हो. ते रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतलं. कासव ठणठणीत दिसतं, पण अंगावर साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) असू शकतो आणि पोरांचे हात सतत तोंडात. खुद्द अमेरिकेत ४ इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, मुलं आजारी पडायची म्हणून.

डी-६०१: मग तलावात सोडतो.

डॉक्टर: अजिबात नको! आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं ते. मोठी टाकी घ्या आता.

बी-४०४: भाचीच्या शाळेत पिंजऱ्यात पोपट होता. वन्यजीव कायद्यात, १९७२च्या, तो पाळताच येत नाही म्हटल्यावर मुख्याध्यापिकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

सी-१०४: डासांच्या अळ्या चालतील? जिन्याखालच्या कुंडीत भरपूर आहेत 😄

आजी: चेष्टा करताय, पण मी ठेवल्या होत्या. काचेची बरणी, तोंडाला जुन्या ओढणीचं दुपदरी कापड, वर रबर. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला लागून आडवी पडते, डेंग्यूच्या डासाची डोकं खाली करून लटकते. मुलं तीन दिवस बघत बसली आणि चौथ्या दिवशी घरचे ड्रम उपसून आली. डास व्हायच्या आत बरणी उन्हात ओतली.

सेक्रेटरी: कुंडी आजच उपसतो. पालिकेची नोटीस नको.

(तीन आठवड्यांनंतर)

ओवीची आई: आजी, आहात का? उरलेल्या दोन अळ्यांचे कोष झाले होते. एकातून मागच्या आठवड्यात फुलपाखरू आलं. पंख ओले, चुरगळलेले, तासभर नुसतं लटकून. पोरांनी डबेसुद्धा उघडले नाहीत. दुसरा कोष तसाच होता, सगळे म्हणत होते ही उशिरा उठणारी आहे. आज त्याला बारीक भोक आणि बरणीत चिलटांएवढ्या चकचकीत माश्या. ओवीने २३ मोजल्या. घरी आल्यापासून रडतेय.

सी-१०४: दुसरीच्या मुलांना हे कशाला दाखवायचं?

ओवीची आई: पालकांच्या ग्रुपवर पण हेच चाललंय.

आजी: कोषाची फांदी उघडी होती का?

ओवीची आई: हो, आधी खिडकीत, बाटलीत. बरणीत नंतर ठेवली.

आजी: मग तिथेच. कोष मऊ असताना ही माशी आत अंडी घालते, पिल्लं आतून खात वाढतात. लिंबाच्या रोपांचा पाला या अळ्या फस्त करतात ना, तिथे हीच माशी कामाला येते. हे ओवीला आज नका सांगू, आज रडू दे. तिच्या बाईंनी बरणी लपवली नाही, वर्गापुढे ठेवली. १९९४ साली माझ्या वर्गात अगदी हेच झालं होतं. मी गुपचूप कोष फेकला आणि सांगितलं, फुलपाखरू रात्री उडून गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर: 🙏

आजी: ओवीला उद्या वर पाठवा. भिंग आहे माझ्याकडे, माश्याही घेऊन ये म्हणावं.

सेक्रेटरी: माळी शनिवारी फवारणार होता, कढीपत्ता वगळायला सांगतो. फांदी हवी असेल तर आधी मेसेज टाका.

सी-१०४: आणि पोह्यांसाठी?

सेक्रेटरी: पानं उलटून बघा. शीट चालायला लागली तर ते पान ठेवा.