मोजक्या मनुष्यबळात रासायनिक दुर्घटनेच्या जागी डीकॉन कसे उभारावे?

प्रश्न : सब-ऑफिसर, लहान अग्निशमन केंद्र

सर्वांना नमस्कार. घातक रसायनांसाठी आमच्या केंद्रात वेगळे पथक नाही. मात्र आमच्या हद्दीत रसायनांची साठवण आणि वाहतूक नित्याची आहे, त्यामुळे टँकर उलटला किंवा गोदामात गळती झाली तर पहिली गाडी आमचीच पोहोचते. एका पाळीत अधिकारी धरून सात जण असतात. संपूर्ण शरीर झाकणारे दोन वायुरोधक सूट, काही द्रवरोधक सूट, बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क), नेहमीचे होज म्हणजे पाण्याचे पाइप आणि ताडपत्र्या एवढेच साहित्य आमच्या हाताशी असते.

प्रशिक्षणात डीकॉनची, म्हणजे अंगावरचे आणि साहित्यावरचे रसायन काढून टाकण्याच्या व्यवस्थेची, जी मांडणी दाखवली होती, तिच्यात नऊ टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र माणूस उभा होता. पहिल्या तासात तेवढी माणसे आम्हाला मिळणे शक्य नाही. यांतले कोणते टप्पे टाळताच येत नाहीत आणि कोणते एकत्र करता येतात? प्रत्येक रसायनावर पाणी मारावे की नाही, यावरही आमच्या केंद्रात दोन मते आहेत. शिवाय धुणे संपले की लगेच मास्क काढून टाकण्याची सवय मला अनेकांमध्ये दिसते आणि ती मला धोक्याची वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त केंद्र अधिकारी

आपली शंका रास्त आहे. टप्पे किती, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला प्रश्न असा की, हॉट झोनमध्ये, म्हणजे रसायन पसरलेल्या धोक्याच्या भागात, पहिला माणूस पाऊल टाकतो त्या क्षणी डीकॉनची जागा पाण्यासह तयार आहे का? ती तयार नसेल, तर कोणाचा जीव वाचवायचा असल्याखेरीज प्रवेश थांबवावा. सूट घातलेला माणूस बाहेर येऊन उभा आहे, हवा संपत आल्याची शिट्टी वाजते आहे आणि होज अजून जोडला जातो आहे, असे दृश्य कोणत्याही अधिकाऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

हवेचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा, म्हणजे हा आग्रह कशासाठी ते लक्षात येईल. सहा लिटरचा सिलिंडर 300 बारपर्यंत भरलेला असेल तर ढोबळमानाने 1,800 लिटर हवा मिळते. मिनिटाला 40 लिटर हा नेहमीचा हिशेब धरला तर ती 45 मिनिटे पुरते; पण वायुरोधक सूटमध्ये, उकाड्यात, जड काम करताना माणूस याहून बराच जास्त श्वास घेतो. धोक्याची शिट्टी साधारण 55 बारला वाजते आणि तेव्हा 330 लिटर, म्हणजे 40 च्या दरानेही जेमतेम आठ मिनिटांची हवा उरलेली असते. धुणे आणि सूट उतरवणे यांनाच तेवढा वेळ लागतो, परत चालत येण्याचा वेळ वेगळा. म्हणून शिट्टी हा माघारी फिरण्याचा इशारा मानू नये. बाहेर येण्यास लागणारी हवा, डीकॉनला लागणारी हवा आणि राखीव हवा यांची बेरीज आधी करावी आणि दाब त्या आकड्यावर येताच, आतले काम कुठेही पोहोचलेले असो, माघारी फिरावे. हा दाब नियंत्रण फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवलेला असावा.

आता टप्प्यांविषयी. वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि शक्यतो चढावर, वॉर्म झोनमध्ये, म्हणजे हॉट झोन आणि सुरक्षित भाग यांच्या मधल्या पट्ट्यात, एकच सरळ मार्ग आखावा. हॉट झोनच्या कडेला एक ताडपत्री पसरावी. आत नेलेली अवजारे तिथेच ठेवावीत, म्हणजे पुढच्या जोडीला तीच वापरता येतात आणि धुण्याचे काम कमी होते. त्यापुढे धुण्याची एक जागा, त्यापुढे उतरवण्याची एक जागा आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. अशा चार जागांवर काम भागते. नऊ टप्प्यांच्या आराखड्यात धुणे आणि खळबळणे दोन-तीनदा येते. माणसे कमी असतील तेव्हा तेच एका जागी दोनदा करावे. धुण्यासाठी एक आणि उतरवण्यासाठी एक असे दोघे कमीत कमी हवेत, आणि त्यांची स्वतःची संरक्षक साधने आत गेलेल्यांपेक्षा फार तर एक पायरी खालची असावीत. आत दोघे, त्यांच्या मदतीला सूट घालून तयार असलेले दोघे, डीकॉनवर दोघे आणि एक अधिकारी एवढ्यातच आपले सात जण संपतात; पंप चालवायलाही त्यांत कोणी उरत नाही. म्हणूनच दुसरी गाडी बोलावण्याचा निर्णय घटनास्थळी पोहोचण्याआधीच, पहिल्या वर्दीवरून घ्यावा.

धुताना पाणी भरपूर असावे, पण दाब कमी ठेवावा. जोरदार फवाऱ्याने रसायन चेन आणि शिवणींतून आत ढकलले जाते आणि शेजाऱ्याच्या अंगावरही उडते. डोक्यापासून खाली यावे आणि लांब दांड्याच्या मऊ ब्रशने काखा, जांघा, चेनवरची पट्टी, हातमोजे आणि बुटांचे तळवे लक्षपूर्वक घासावेत. तेलकट पदार्थ असेल तर साबण किंवा डिटर्जंट लागतोच, नुसत्या पाण्याने तो फक्त पसरतो.

मास्कविषयी आपली भीती पूर्णपणे योग्य आहे. धुतलेला सूट स्वच्छ असेलच असे नाही, आणि उतरवताना त्याच्या घड्यांत अडकलेले द्रव्य किंवा वाफ नेमकी चेहऱ्याजवळ मोकळी होते. बीए सेट सूटच्या बाहेर असेल तर पाठीवरची चौकट पट्टे सोडून आधी उतरवावी, पण मास्कची नळी जोडलेली ठेवून ती मदतनिसाने हातात धरावी. मग सूट खांद्यापासून बाहेरच्या बाजूला गुंडाळत खाली आणावा. मदतनिसाने फक्त बाहेरच्या पृष्ठभागाला हात लावावा आणि घालणाऱ्याने फक्त आतल्या. बूट सूटबरोबरच निघतात. त्यानंतर किंचित पुढे वाकून मास्क हनुवटीकडून पुढे ओढून काढावा आणि आतले पातळ हातमोजे सर्वांत शेवटी. वायुरोधक सूटमध्ये बीए सेट आत असतो, त्यामुळे तिथे सूट आधी उतरतो. मास्क मात्र तिथेही शेवटपर्यंत चेहऱ्यावरच राहतो.

उत्तर : रासायनिक कारखान्यातील आपत्कालीन पथकाचा सदस्य

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पाण्याच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे सरसकट नियम लावणे घातक ठरू शकते.

बहुतांश आम्ले, अल्कली आणि पाण्यात विरघळणारी द्रावणे यांच्यासाठी भरपूर पाणी हेच उत्तम. अडचण मोजक्या पदार्थांची आहे. सोडियम आणि पोटॅशियम हे धातू पाण्याशी पेट घेण्याइतकी तीव्र अभिक्रिया करतात. कॅल्शियम कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघते. धान्याच्या साठवणीत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून नुसत्या ओलाव्यानेही फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. टायटॅनियम टेट्राक्लोराइडचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन क्लोराइडचा दाट धूर होतो. अशी भुकटी किंवा कण सूटवर असतील तर आधी कोरड्या ब्रशने वरून खाली, चेहऱ्यापासून दूर झाडावेत, झाडलेले द्रव्य कोरड्या आणि हवेशीर जागी वेगळे ठेवावे आणि मगच पाणी घ्यावे. मात्र ते घेताना हात आखडू नये. थोड्या पाण्याने अभिक्रिया सुरू होते आणि उष्णता तिथेच साचते. मोठा प्रवाह ती उष्णता आणि द्रव्य दोन्ही वाहून नेतो.

याच्या नेमके उलट उदाहरण पांढऱ्या फॉस्फरसचे आहे. तो साधारण 30 अंश सेल्सियस तापमानालाच हवेत पेटतो. त्यामुळे त्याचे कण अंगावर किंवा कपड्यांवर असतील तर ते काढून होईपर्यंत भाग ओलाच ठेवावा लागतो. सोडियमसाठी केलेला सराव इथे लावला तर माणूस भाजेल. म्हणून डीकॉनची पद्धत टँकरवरील यूएन क्रमांक (रसायनाची ओळख देणारा क्रमांक), मालाची कागदपत्रे आणि सुरक्षा माहितीपत्रक पाहूनच ठरवावी, आणि ते पाहण्याचे काम प्रवेशापूर्वी एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवलेले असावे.

ब्लीचच्या पाण्याने किंवा दुसऱ्या रसायनाने 'मारा' करण्याचा मोह अनेकांना होतो. अंगावरील आम्लावर अल्कली ओतू नये. उदासीनीकरणातून उष्णता निर्माण होते आणि जखम वाढते. हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण काही कीटकनाशके पडलेल्या अवजारांसाठी उपयोगी पडते, पण त्वचेसाठी साबण आणि पाणीच वापरावे. अमोनियाच्या शेजारी तर ब्लीच आणूच नये, कारण त्यातून क्लोरामाइन वायू तयार होतात.

उत्तर : रुग्णवाहिका सेवेतील प्रशिक्षक

'आधी झाडा, मग धुवा' या सल्ल्याला मला एक मर्यादा घालावीशी वाटते. तो सल्ला शाबूत सूट घातलेल्या, बीएवर श्वास घेत असलेल्या माणसासाठी आहे. सूट फाटला असेल, रसायन त्वचेवर पोहोचले असेल किंवा माणूस कोसळला असेल, तर तांत्रिक, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायच्या, डीकॉनचा विचार सोडून द्यावा. दिसणारी भुकटी हाताच्या एका-दोन फटकाऱ्यांत झाडावी, सूट कापून काढावा आणि ताबडतोब भरपूर पाण्याखाली घ्यावे. पदार्थ कोणता याची खात्री नसेल तर कागदपत्रांची वाट पाहत बसण्यापेक्षा पाणी सुरू करणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित असते. दाहक पदार्थ डोळ्यांत गेला असेल तर किमान 15 मिनिटे धुवावे. अल्कली असेल तर त्याहूनही बराच वेळ. हायड्रोफ्लोरिक आम्लात नुसते धुणे पुरत नाही. ते त्वचेतून खोल जाऊन शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदयाची लय बिघडवू शकते, शिवाय सौम्य द्रावणाच्या वेदना काही तासांनी सुरू होतात. धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावावी लागते. ज्या कारखान्यांत हे आम्ल वापरतात, तिथे ती कुठे ठेवली आहे हे केंद्राला माहीत असलेच पाहिजे.

वाहून जाणाऱ्या पाण्याची चिंता अधिकाऱ्यांना थांबवून धरते, असे मी सरावांत पाहिले आहे. नियोजित डीकॉनमध्ये ताडपत्रीच्या कडा उचलून, खाली होजच्या गुंडाळ्या ठेवून हौद करावा आणि पाणी साठवावे. पण जीव धोक्यात असताना पाणी कुठे जाईल हा प्रश्न मागे ठेवावा. धुणे सुरू झाल्यावर गटाराचे तोंड अडवता येते.

अंगावरचे कपडे न काढता कोणालाही बंद रुग्णवाहिकेत घेऊ नये. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन या मज्जासंस्थेवर घात करणाऱ्या विषाचा हल्ला झाला, तेव्हा बाधितांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने त्यांना नेणाऱ्यांनाच विषबाधा झाली. 1,364 आपत्कालीन कर्मचाऱ्यांपैकी 135 जणांना त्रास झाला. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा उपाय फारच अपुरा आहे. दूषित माणूस कोल्ड झोनमध्ये, म्हणजे सुरक्षित भागात, येताच कामा नये, मग तो नागरिक असो वा आपला सहकारी.

आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर नाडी, रक्तदाब आणि शरीराचे तापमान नोंदवावे. वायुरोधक सूटमध्ये घाम सुकत नाही. बाहेर आलेला माणूस गोंधळलेला वाटला तर ती विषबाधा आहे की उष्माघात, हे आधीच्या नोंदीवाचून ठरवणे कठीण जाते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवेचा हिशेब आणि सूट उतरवण्याचा क्रम आम्ही याच आठवड्यात सरावात घेतो आहोत. आणखी एक विचारतो. धुतलेला रासायनिक सूट पुन्हा वापरावा का? आणि अशा घटना क्वचितच होत असल्याने हा सराव अंगवळणी कसा राहावा?

उत्तर : निवृत्त केंद्र अधिकारी

सूटच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पृष्ठभागावरचे रसायन धुऊन जाते, परंतु जे रेणू कापडाच्या थरात मुरले आहेत ते धुण्याने निघत नाहीत. ते सूट पेटीत असतानाही आतल्या बाजूकडे सरकत राहतात, आणि पुढच्या वेळी तो घालणाऱ्याच्या त्वचेला लागतात. उत्पादकाच्या तक्त्यात प्रत्येक रसायनासाठी ते पलीकडे पोहोचण्याचा जो वेळ दिलेला असतो, तो प्रयोगशाळेतल्या नव्या कापडाचा असतो. म्हणून मर्यादित वापराचे सूट रसायनाचा संपर्क आला की मोडीत काढावेत. पुन्हा वापरता येणारे सूट रसायन, सांद्रता आणि संपर्काचा वेळ उत्पादकाला कळवून, दाब-चाचणी घेतल्यावरच पुन्हा वापरात आणावेत. चामड्याचे बूट, कापडी पट्टे आणि लाकडी दांडे रसायन शोषून घेतात. त्यांना वाचवण्याचा प्रयत्न करू नये. आम्ल-अल्कलीच्या बाबतीत शेवटच्या पाण्याला पीएच पट्टी (आम्लता दाखवणारी कागदी पट्टी) लावून पाहावी. ती स्वस्त आणि विश्वासार्ह तपासणी आहे, तरीही ती फक्त पृष्ठभागाविषयी सांगते.

सरावाबाबत माझा आग्रह आहे की, प्रत्येक इमारतीच्या आगीनंतर हाच क्रम छोट्या स्वरूपात पाळावा. आगीची काजळी हेही घातक द्रव्यच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायातील संपर्काला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले. अमेरिकेतील 2017 च्या एका अभ्यासात फायर सूटवरील बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचे (काजळीतील घातक संयुगांचे) प्रमाण घटनास्थळी साबण-पाण्याने घासल्यावर 85 टक्क्यांनी घटले, कोरड्या ब्रशने 23 टक्क्यांनी, तर नुसत्या हवेच्या झोताने केवळ 2 टक्क्यांनी. ओल्या पुसण्यांनी मान पुसल्यावर त्वचेवरील प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक कमी झाले.

तेव्हा आग विझल्यावर मास्क चेहऱ्यावर असतानाच जोडीदाराने साबण-पाणी लावून सूट वरून खाली घासावा, मग वर सांगितलेल्या क्रमानेच तो उतरवावा, पिशवीत बंद करावा आणि चालकाच्या केबिनमध्ये न ठेवता गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावा. मान, चेहरा आणि हात जागेवरच पुसावेत आणि केंद्रावर पोहोचताच अंघोळ करावी. पिशवीवर घटनेची तारीख, पदार्थ माहीत असल्यास त्याचे नाव, घालणाऱ्याचे नाव आणि 'धुतल्याशिवाय उघडू नये' एवढे ठळक लिहावे. तीच नोंद त्या कर्मचाऱ्याच्या आरोग्य-पुस्तिकेतही करावी, कारण काही आजार सेवानिवृत्तीनंतर काही वर्षांनी दिसतात आणि तेव्हा कोणत्या पदार्थाशी संपर्क आला होता हे सांगणारा दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतो.