गाईचा ताण खरा आणि बाईचा म्हणजे नाटक?

कुळागरवाला (सत्तरी)

गाय दूध कमी द्यायला लागली आणि पशुवैद्यांनी सांगितलं हिला स्ट्रेस आलाय, की आपण काय करतो? गोठ्यात पंखा लावतो, पत्र्यावर माडाची चुडतं टाकतो, धार काढणारा नवीन असला तर जुन्याच्या हातापाया पडून त्याला परत आणतो. गाय नाटक करते असं कोणी म्हणत नाही. तेच घरातल्या बाईने सांगितलं की सकाळी उठवत नाही, अंग दुखतं, तर रिपोर्ट नॉर्मल आल्याबरोबर डॉक्टर म्हणणार टेन्शन घेऊ नका आणि घरचे त्याचा अर्थ लावणार की हिला काही झालेलंच नाही. माझ्या वहिनीचं गेलं वर्षभर हेच चाललंय म्हणून हा धागा.

मला म्हणायचंय ते एवढंच की मनावरचा ताण हे आजाराचं खरं कारण असू शकतं आणि त्यावर भरपूर रिसर्च झालेला आहे. शेल्डन कोहेन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याच्या १९९१ साली छापून आलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी माणसं घेतली, आधी प्रत्येकाच्या डोक्यावर किती ताण आहे ते मोजलं आणि मग सरळ नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले. व्हायरस सगळ्यांना दिला. पण कमी ताणवाल्यांत साधारण २७ टक्के लोकांना सर्दी झाली आणि जास्त ताणवाल्यांत ४७ टक्के. आता ह्यात कसलं नाटक?

आणि लांब कशाला, आपल्या गोव्यातच हळदोण्याच्या भागात संगाथ ह्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी १८ ते ५० वयाच्या बायकांचा सर्व्हे केला होता, २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. साधारण १२ टक्के बायकांनी सांगितलं सहा महिन्यांहून जास्त सतत थकवा आहे. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो गरिबीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, चिंता-नैराश्याशी. मग हे मनाचं म्हणून सोडून द्यायचं की मनाचं आहे म्हणूनच हातात घ्यायचं?

लॅबवाला_म्हापसा

भाऊ, तुमचा मुद्दा कळला पण तुम्ही पण त्याच खड्ड्यात पडताय. हिमोग्लोबिन नॉर्मल म्हणजे लोह नॉर्मल असं नसतं. आधी शरीरातला साठा संपतो, तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो, आणि मग कधीतरी हिमोग्लोबिन उतरतं. फ्रान्समध्ये ह्यावर ट्रायल झाली होती, २०१२ मध्ये छापून आली. हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी आणि थकवा आहे अशा बायका घेतल्या, अर्ध्यांना लोहाच्या गोळ्या आणि अर्ध्यांना खोट्या. बरं वाटलं दोन्हीकडे, हो खोट्या गोळीवाल्यांना पण, तरी लोहवाल्यांना स्पष्ट जास्त. रोज माझ्याकडे चिठ्ठ्या येतात त्यात नुसतं सीबीसी लिहिलेलं असतं, म्हणजे हिमोग्लोबिन कळतं, फेरिटिन नाही, आणि त्यावर टेन्शनचा शिक्का बसतो. वहिनींचं फेरिटिन, थायरॉईड आणि बी-१२ झालंय का ते सांगा आधी, मग मनाच्या गप्पा.

तर्कट_फोंडेकर

लॅबवाल्यांना अनुमोदन. ताण हे कारण नाहीच, ती तपासणी संपल्यावर उरलेली अडगळ टाकायची खोली आहे. अल्सरचं काय झालं आठवा. कित्येक वर्षं पोटाचा अल्सर म्हणजे चिंता आणि तिखट खाणं, माणसाला सांगायचे शांत रहा, दूध प्या. मग ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शलनी दाखवलं की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. कोणी ऐकेना म्हणून १९८४ साली मार्शल स्वतः त्या जंतूचं द्रावण प्यायला आणि पोटाची वाट लावून घेतली. २००५ ला नोबेल. आता अँटिबायोटिकचा कोर्स दिला की काम झालं. तोपर्यंत किती लोकांना उगाच स्वभाव बदलायला सांगितलं असेल त्याचा हिशोब कोणी द्यायचा?

आणि गाईंचं म्हणाल तर तो प्रसिद्ध रिसर्च माहीत असेलच, न्यूकॅसल विद्यापीठाचा, ५१६ ब्रिटिश डेअरीवाल्यांना प्रश्नावली पाठवली आणि निष्कर्ष काय तर गाईला नावाने हाक मारली की वेताला २५८ लिटर दूध जास्त. २००९ ला इग नोबेल मिळालं त्याला, म्हणजे ते हसवणारं वालं. अहो जो गाईला नाव देतो त्याच्याकडे गाई थोड्या असणार, तो कास नीट धुणार, चारा वेळेवर घालणार, आजारी पडली तर लगेच लक्षात येणार. दूध त्याचं वाढतं, नावाचं नाही.

एक_पशुवैद्य

न्यूकॅसलबद्दल तर्कट बरोबर आहेत, तो नुसता प्रश्नावलीचा अभ्यास. पण सगळा विषय त्याच्यावर उभा नाही. सडाला ओळखीचा हात लागला, वासरू दिसलं, आंबोणाची बादली वाजली की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, मिनिट-दीड मिनिटात कासेत पोचतं आणि पान्हा सुटतो. त्याच वेळी गाय घाबरली तर ॲड्रेनालिन आड येतं. दूध कासेतच असतं, उतरत नाही. तुम्ही म्हणता पान्हा चोरला, ती बिचारी काही चोरत नसते.

ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ म्हणून आहेत, त्यांनी नुसता सर्व्हे नाही केला. काही फार्मवरच्या कामगारांना शिकवलं की ओरडायचं नाही, पट्टा मारायचा नाही, हळू चालायचं, आणि बाकीच्या फार्मवर काही बदललं नाही. जिथे शिकवलं तिथल्या गाई माणसाला कमी घाबरायला लागल्या आणि दूध पण वाढलं. गंमत म्हणजे हे मानसशास्त्रातलं काउन्सेलिंगसारखंच तंत्र होतं पण दिलं माणसांना, गाईंना नाही.

दुसरं, ताण की जंतू असं भांडण आमच्या धंद्यात कोणी करत नाही. गुरांचा घटसर्प घ्या. पाश्चुरेला जंतू काही जनावरांच्या घशात गुपचूप बसलेला असतो, जनावर ठणठणीत. पावसाळा लागला, उपासमार झाली, किंवा बेळगावच्या बाजूने चोर्ला घाटातून ट्रकात उभ्या उभ्या आणलं की तोच जंतू उठतो आणि दिवसा-दोन दिवसात जनावर आडवं.

तर्कट_फोंडेकर

डॉक्टर, आणि त्यावर तुम्ही काय करता? पावसाआधी लस देता. लस टोचलेली गाय त्याच घाटातून, त्याच ट्रकातून आली तरी बहुतेक वेळा जगते. म्हणजे हातात धरण्यासारखं कारण जंतूच ना? ट्रकमधली जागा वाढवा, पाणी द्या, जरूर द्या, ती माणुसकी झाली, उपचार नाही.

धारवाली_पेडणे

तुम्ही सगळे मोठमोठं लिहिता, मी सांगते गोठ्यातलं. आमच्या घराजवळ दरवर्षी दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा करतात. रात्रभर डीजे, पहाटे जाळेपर्यंत. दिवाळीच्या सकाळी माझी जर्सी क्रॉस धारेला उभी राहत नाही, लाथ झाडते, कान मागे, आणि सोसायटीत मापाला दूध घातलं की चिठ्ठीवर दिसतंच किती कमी झालं ते, दोन-तीन दिवस तसंच चालतं मग हळूहळू येते ठिकाणावर. आणि शेजारच्या मावशींची गावठी गाय, ती पांढरी, आता जिला श्वेतकपिला म्हणून सरकारी नाव मिळालंय ती, तिला डीजे लावा नाहीतर तोफ, रवंथ चालू. म्हणजे ताण पण सगळ्यांना सारखा लागत नाही.

तर्कट_फोंडेकर

ताई, नरकासुराच्या रात्री गाय एकटी जागी नसते, अख्खा गाव जागा असतो. सकाळी धार उशिरा, चारा उशिरा, पाणी उशिरा, धार काढणाऱ्याचे डोळे मिटतायत, त्यात दिवाळीचे पोहे करायची घाई. दूध डीजेने गेलं की उशिराने गेलं हे कसं ठरवलंत?

धारवाली_पेडणे

नरकासुराला पोरं जातात, मी जात नाही. धार रोजच्या वेळेला, पेंड आदल्या रात्रीच भिजवलेली. पोहे सासूबाई करतात. अजून काय विचारायचंय?

पणजीचा_पांथस्थ

गोव्यात हा विषय निघाला आणि आबे फारियाचं नाव नाही म्हणजे कमालच. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला माणूस, पॅरिसला जाऊन सांगत होता की लोकांना जी संमोहनाची गुंगी येते ती माझ्या हातातल्या कुठल्या शक्तीने किंवा मॅग्नेटने नाही, ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याच्याच मनातून येते. तेव्हा बाकीचे सगळे अदृश्य प्रवाह वगैरे बोलत होते. जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा बघून लोक भुताटकी समजतात पण हा सायन्सचा माणूस.

तर्कट_फोंडेकर

आलाच फारिया. आता पुढच्या कमेंटला दिश्ट काढायचे मीठ-मिरची येऊ दे.

सत्तरीची_सून

मी तर्कटांच्या बाजूने, पण कारण वेगळं. आमच्याकडे २०१५ च्या सुमाराला माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेतून आलेल्या लोकांना ताप, डोकं फुटायला आलेलं, अंग मोडलेलं. हा व्हायरस गोचिडीतून येतो, रानात मेलेली माकडं दिसली की आधी सावध व्हायचं, आणि गुरं रानात चरून आली की अंगावर गोचिडी घेऊन येतात, गुरांना स्वतःला काही होत नाही. सुरुवातीला नेमकं काय आहे ते कोणाला कळत नव्हतं. अशा माणसाला जर त्या दिवशी कोणी सांगितलं असतं की काजूच्या भावाचं टेन्शन आहे म्हणून अंग दुखतंय, तर? म्हणून मला ताण शब्द ऐकला की भीतीच वाटते. गरिबाच्या बाबतीत तो फार लवकर बाहेर येतो.

कुळागरवाला (सत्तरी)

सूनबाई, तुमचं पटतं, तापाच्या माणसाला कोणी टेन्शन म्हणू नयेच. पण तर्कट, अल्सरची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. तो जंतू जगातल्या निम्म्या लोकांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. मग उरलेल्यांना का होतो? २०१५ साली डेन्मार्कमधला अभ्यास आला, आधी ताण मोजून ठेवला आणि मग पुढे वर्षानुवर्षं बघत राहिले, जास्त ताणवाल्यांना अल्सर जास्त झाले, आणि जंतू आहे की नाही हे हिशोबात धरून पण फरक राहिलाच. नोबेल मिळालं म्हणून विषय बंद झाला नाही.

बांबोळीची_नर्स

दोन्ही पार्ट्यांना एक माहिती देते. गोव्यातच मानस नावाची ट्रायल झाली, २०१० ला लॅन्सेटमध्ये आली. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने. डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन काउन्सेलर केलं. अंगदुखी, झोप नाही, थकवा म्हणून जे पेशंट येतात त्यांच्यातले नैराश्य-चिंतेवाले शोधायचे आणि त्यांच्याशी बसून बोलायचं, श्वासाचे व्यायाम, झोपेचं, गरज पडली तर डॉक्टरांकडून गोळी. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. खाजगीत काही फरक दिसला नाही. म्हणजे कुळागरवाल्यांनी नाचू नये आणि तर्कटांनी पण.

मी वॉर्डात बघते ते असं की मनाचं आहे हे वाक्य दोन प्रकारे म्हणता येतं. एक म्हणजे फाईल बंद करून, नेक्स्ट. दुसरं खुर्ची ओढून, मग घरी कोण कोण असतं, असं. पहिल्या प्रकाराला उपचार म्हणू नका, तो गर्दी हटवायचा उपाय आहे.

लॅबवाला_म्हापसा

मॅडम खुर्ची ओढायला ओपीडीत वेळ कोणाला आहे हो, आणि खुर्ची तरी कुठे आहे.

एक_पशुवैद्य

एक राहिलं. आमच्याकडे पण आळशी निदान चालतं. दूध कमी झालं, उकाडा आहे, स्ट्रेस, चार दिवसांनी बघू. आणि खरं तर आत मुका कासदाह असतो, दूध दिसायला चांगलं, कास मऊ, पण सीएमटी, म्हणजे दुधात औषध मिसळून कासदाह ओळखायची चाचणी, केली की चारातल्या एका सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होतं. पाच मिनिटांचं काम, बशी आणि औषध गाडीत असतं. तेव्हा गाईचा ताण लोक लगेच मानतात हा कुळागरवाल्यांचा समज थोडा गोड आहे. मानतात कारण त्यात खर्च नाही.

धारवाली_पेडणे

एवढं वाचलं पण कुळागरवाल्यांच्या वहिनी किती वाजता उठतात, काय काय करतात हे एकाने पण विचारलं नाही. आता सांगा दादा.

कुळागरवाला (सत्तरी)

साडेचारला उठते. दोन गाईंची धार, शेण काढणं, दूध सोसायटीत पोचवणं, मग पोरांचा डबा, आईला इन्सुलिन, दुपारी सुपारी सोलायला, संध्याकाळी परत धार. दादा बोटीवर असतो, सहा-सात महिन्यांनी येतो. मी वाळपईला नोकरीला, शनिवार-रविवार हातभार लावतो.

तर्कट_फोंडेकर

मग हा रोगच नाही, कामाची वाटणी आहे. संध्याकाळची धार तुम्ही घ्या, वाळपईहून पाचपर्यंत पोचता येतं. आणि फेरिटिन पण करा. फक्त दोन्ही एकदम सुरू करू नका, आधी एक महिना धार घ्या, मग लोहाचं बघा, नाहीतर बरं कशाने वाटलं ते शेवटपर्यंत कळणार नाही.

धारवाली_पेडणे

तुम्हाला कळावं म्हणून तिने अजून एक महिना तसंच फरपटायचं? दादा, सोमवारी रक्त द्यायला घेऊन जा तिला, आणि धार आज संध्याकाळपासून. पहिले काही दिवस गाय लाथ मारणार तुम्हाला, बादली लांब धरा.